भाषा एक, इतिहास वेगळे : तेलंगणातील सांस्कृतिक वारसा आणि राजकारण

प्रास्ताविक

भाषावार प्रांतरचनेची चर्चा करताना एक गृहीतक सहसा तपासले जात नाही. ज्यांची भाषा एक त्यांची संस्कृती एक, आणि ज्यांची संस्कृती एक त्यांचे राज्यही एक असावे, असे ते गृहीतक होय. स्वतंत्र भारतात हे तत्त्व प्रथम प्रत्यक्षात आले ते तेलुगू भाषकांच्या आग्रहामुळे. पोट्टी श्रीरामुलू यांचे १५ डिसेंबर १९५२ रोजी उपोषणात निधन झाले आणि १ ऑक्टोबर १९५३ रोजी आंध्र राज्य अस्तित्वात आले. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद संस्थानातील तेलुगू जिल्हे त्यास जोडून आंध्र प्रदेश निर्माण करण्यात आला. परंतु ज्या भाषक समूहाने हे तत्त्व देशाला दिले, त्याच समूहाची २ जून २०१४ रोजी दोन राज्यांत विभागणी झाली. भाषा एक असूनही एकत्र राज्य टिकले नाही, ही घटना इतिहासाच्या अभ्यासकाने गांभीर्याने पाहावी अशी आहे.

तेलंगणाच्या मागणीचे स्पष्टीकरण बहुधा आर्थिक मागासलेपणाच्या आधारे दिले जाते. पाणी, निधी आणि नेमणुका ही त्या आंदोलनाची त्रिसूत्री होती, हे खरेच आहे. मात्र केवळ मागासलेपण हे कारण पुरेसे ठरत नाही. न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीने डिसेंबर २०१० मध्ये सादर केलेल्या अहवालात अनेक निकषांवर रायलसीमा हा प्रदेश तेलंगणापेक्षा अधिक मागे असल्याचे नोंदविले होते. तरीही रायलसीमेत तेवढ्या तीव्रतेची स्वतंत्र राज्याची चळवळ उभी राहिली नाही. तेलंगणात ती उभी राहिली, याचे एक महत्त्वाचे कारण तेथील वारशाच्या उपेक्षेच्या जाणिवेत आहे. आपली भाषा, आपले कवी, आपले सण आणि आपला इतिहास यांना दुय्यम लेखले जाते, या भावनेला तेलंगणाने वेळोवेळी वारशाचे संकलन करून आणि तो जाहीरपणे मांडून उत्तर दिले. वारसा हा तेथील राजकारणाचा पुरावा होता, हे प्रस्तुत लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे. एकेकाळी हैदराबाद संस्थानाचा भाग असलेल्या मराठवाड्याशी या प्रश्नाचा निकटचा संबंध असल्याने त्याचाही विचार येथे केला आहे.

दुभंगलेला तेलुगू प्रदेश

तेलुगू भाषक प्रदेशाच्या राजकीय एकतेची सर्वांत ठळक स्मृती काकतीय घराण्याशी निगडित आहे. आरंभी हनमकोंडा आणि नंतर ओरुगल्लू, म्हणजे आजचे वरंगळ, येथे त्यांची राजधानी होती. रुद्रदेवाच्या काळातील हनमकोंड्याचे सहस्रस्तंभ मंदिर (इ. स. ११६३) आणि गणपतिदेवाचा सेनापती रेचर्ला रुद्र याने पालमपेट येथे १२१३ मध्ये उभारलेले रामप्पा मंदिर ही त्या कालखंडाची प्रमुख स्मारके होत. रामप्पा मंदिराचा २०२१ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. परंतु सामान्य शेतकऱ्याच्या दृष्टीने काकतीयांचे खरे स्मारक म्हणजे त्यांचे तलाव. पाखाल, रामप्पा, लक्नवरम ही त्यांतील मोठी नावे. चढउतारांच्या कोरडवाहू पठारावर एका तलावाचे वाढीव पाणी खालच्या तलावात जावे, अशी साखळी पद्धत तेथे विकसित झाली. नदीखोऱ्यातील कालव्यांवर पोसलेल्या किनारी आंध्राची आणि तलावांवर जगणाऱ्या तेलंगणाची कृषिसंस्कृती त्यामुळे प्रारंभापासूनच भिन्न राहिली. रुद्रमादेवी आणि प्रतापरुद्र यांच्यानंतर १३२३ मध्ये दिल्लीच्या आक्रमणात हे राज्य लयास गेले.

पुढील काळात गोवळकोंड्याच्या कुतुबशाहीने (१५१८–१६८७) तेलुगूला राजाश्रय दिला. इब्राहिम कुतुबशहाच्या औदार्याचे वर्णन तेलुगू कवींनी ‘मल्किभराम’ या आपुलकीच्या नावाने केले आहे. संस्कृत शब्द टाळून शुद्ध तेलुगूत रचलेले पहिले काव्य मानले जाणारे पोन्नेगंटी तेलगनार्य याचे ‘ययाति चरित्रमु’ हे याच राजवटीतील अमीनखान नावाच्या सरदारास अर्पण झाले होते. १५९१ मध्ये हैदराबाद वसविणारा मुहम्मद कुली कुतुबशहा स्वतः दखनीचा कवी होता. तेलुगू, दखनी आणि फारसी यांची ही सरमिसळ तेलंगणाच्या सांस्कृतिक घडणीचा पाया ठरली.

निर्णायक फाटाफूट झाली ती आसफजाही काळात. निजामाने उत्तर सरकारचा किनारी प्रदेश १७६६ च्या तहाने ईस्ट इंडिया कंपनीकडे सोपविला आणि १८०० मध्ये रायलसीमेचे जिल्हेही तिच्या स्वाधीन केले. तेव्हापासून १९५६ पर्यंत, म्हणजे दीडशे वर्षांहून अधिक काळ, तेलुगू समाज दोन राजवटींत वाढला. मद्रास इलाख्यात इंग्रजी शिक्षण, रयतवारी पद्धत, छापखाने आणि गोदावरी-कृष्णेवरील धरणे आली. निजामाच्या राज्यात जहागीरदार व देशमुखांची सत्ता, वेठबिगार आणि प्रथम फारसी व नंतर उर्दूचा राज्यकारभार राहिला. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने एका भारतीय भाषेत उच्च शिक्षण देण्याचा मोठा प्रयोग केला. पण ती भाषा उर्दू होती. संस्थानातील सुमारे निम्म्या प्रजेची मातृभाषा असलेल्या तेलुगूला त्यात स्थान नव्हते.

अवहेलना आणि तिचे उत्तर : १९२१ ते १९३४

हैदराबादेतील तेलुगू जागृतीचा आरंभ १९०१ मध्ये स्थापन झालेल्या श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम या ग्रंथालयापासून मानला जातो. या कार्यातील एक धुरीण कोमर्राजू वेंकट लक्ष्मणराव यांचे शिक्षण नागपुरात झाले होते. ते मराठीचे जाणकार होते आणि शिवाजी महाराजांचे चरित्र त्यांनी तेलुगूत लिहिले. १९०६ मध्ये हैदराबादेत सुरू झालेल्या विज्ञानचंद्रिका मंडळीच्या मागे त्यांचीच प्रेरणा होती. महाराष्ट्रातील ग्रंथप्रसाराची आणि इतिहाससंशोधनाची चळवळ तेलुगू समाजापर्यंत पोहोचविणारा हा महत्त्वाचा दुवा होय.

परंतु मराठी आणि तेलुगू यांचे संस्थानातील संबंध केवळ प्रेरणेचे नव्हते. नोव्हेंबर १९२१ मध्ये हैदराबादच्या विवेकवर्धिनी या मराठी मंडळींनी स्थापन केलेल्या संस्थेच्या सभागृहात निजाम राज्यातील सामाजिक सुधारणा परिषद भरली होती. अध्यक्षस्थानी धोंडो केशव कर्वे होते. परिषदेत उर्दू, मराठी, इंग्रजी या भाषांतील भाषणे श्रोत्यांनी ऐकून घेतली. मात्र आलमपल्ली वेंकट रामाराव हे वकील तेलुगूत बोलू लागताच सभेत टवाळी सुरू झाली आणि त्यांना भाषण पूर्ण करता आले नाही. राज्यात तेलुगू भाषक सुमारे निम्मे आणि मराठी भाषक सुमारे पाव होते. बहुसंख्यांच्या भाषेची अशी संभावना एका सुधारणावादी सभेत व्हावी आणि ती करणाऱ्यांत मराठी श्रोतेही असावेत, ही बाब आपल्या इतिहासलेखनात क्वचितच नोंदविली जाते. उर्दूच्या वर्चस्वाखाली मराठी भाषकांनी भोगलेली उपेक्षा आपण विस्ताराने सांगतो. त्याच राज्यात मराठी हीही शहरातील एका प्रतिष्ठित वर्गाची भाषा होती, हे सांगावयाचे राहून जाते.

या प्रसंगानंतर तेलुगू मंडळींनी आंध्र जनसंघाची स्थापना केली. माडपाटी हनुमंतराव यांच्या नेतृत्वाखाली गावोगावी वाचनालये व शाळा काढणे, हस्तलिखिते व शिलालेख गोळा करणे, असे कार्य या संघटनेने हाती घेतले. तिचेच रूपांतर पुढे निजामराष्ट्र आंध्र महासभेत झाले. १९३० मध्ये जोगिपेट येथे भरलेल्या तिच्या पहिल्या अधिवेशनाचे अध्यक्ष सुरवरम प्रताप रेड्डी हे होते. या टप्प्यावर तेलंगणातील नेते स्वतःला अभिमानाने ‘आंध्र’ म्हणवीत होते, हे ध्यानात घेतले पाहिजे. उर्दू आणि मराठी यांच्यासमोर उभे राहताना किनाऱ्यावरील बांधवांशी असलेले भाषिक नाते त्यांना आधाराचे वाटत होते. ‘तेलंगणा’ ही वेगळी राजकीय अस्मिता इतिहासात सदैव तयार स्वरूपात अस्तित्वात होती, असे म्हणता येत नाही. ती घडत गेली.

ती घडविणारा दुसरा प्रसंग साहित्यातील होता. तेलंगणात कवी जवळजवळ नाहीतच, अशा आशयाचे विधान मुडुंबै राघवाचार्य या विद्वानाने केले. १९२६ पासून ‘गोलकोंडा पत्रिका’ चालविणाऱ्या सुरवरम प्रताप रेड्डी यांनी प्रतिवादाचा लेख लिहून न थांबता प्रदेशातील कवींच्या रचना मागविल्या आणि १९३४ मध्ये ‘गोलकोंडा कवुल संचिका’ प्रसिद्ध केली. तीत ३५४ कवींच्या रचनांचा समावेश होता. आरोपाला उत्तर म्हणून पुराव्याचा संग्रह करावा, ही पद्धत त्यांनी घालून दिली. १९४९ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा ‘आंध्रुल सांघिक चरित्र’ हा ग्रंथ राजांऐवजी सामान्य लोकांचे खाणेपिणे, वेशभूषा, खेळ आणि श्रद्धा यांचा इतिहास सांगतो. त्यास १९५५ मध्ये साहित्य अकादमीचा तेलुगूतील पहिला पुरस्कार लाभला.

साहित्यिक पूर्वपरंपरेविषयीचे वादही याच जाणिवेतून पुढे आले. तेलुगूचा आदिकवी म्हणून अकराव्या शतकात राजमहेंद्री येथे महाभारताचे रूपांतर करणाऱ्या नन्नय्याचा मान रूढ आहे. तेलंगणातील अभ्यासकांनी त्याच्या आधीच्या, दहाव्या शतकातील कुरिक्याल येथील जिनवल्लभाच्या शिलालेखातील तेलुगू पद्यांकडे लक्ष वेधले. देशी छंदात ‘बसव पुराणमु’ रचणारा पाल्कुरिकी सोमनाथ हाच खरा लोककवी होय, असा पक्ष त्यांनी मांडला. भागवतकार पोतना हा वरंगळजवळील बम्मेरा गावचा की कडपा जिल्ह्यातील ओंटिमिट्टाचा, हा वाद तर अनेक दशके चालला. वरवर पाहता हे पंडिती वाद आहेत. परंतु भाषेची थोरवी कोणत्या प्रदेशाच्या नावे नोंदवावयाची, हा प्रश्न त्यांच्या मुळाशी होता.

लढा, विलीनीकरण आणि मोडलेले करार

आंध्र महासभा १९४० च्या दशकात कम्युनिस्टांच्या प्रभावाखाली आली आणि शेतकऱ्यांची संघटना बनली. ४ जुलै १९४६ रोजी कडवेंडी गावात देशमुखाच्या माणसांनी केलेल्या गोळीबारात दोड्डी कोमरय्या हा तरुण मारला गेला आणि सशस्त्र लढ्यास तोंड फुटले. तत्पूर्वी पालकुर्तीच्या चाकली ऐलम्मा या परीट समाजातील स्त्रीने आपल्या कसवटीची जमीन व पीक विसनूरच्या देशमुखाला घेऊ दिले नव्हते. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतरही हा लढा चालू राहिला आणि ऑक्टोबर १९५१ मध्ये मागे घेण्यात आला. गढीतील ‘दोरा’विरुद्ध उभी राहिलेली कष्टकरी स्त्री, ही प्रतिमा तेव्हापासून तेलंगणाच्या स्मृतीचा भाग आहे.

पोलीस कारवाईनंतर कारभारात इंग्रजी व तेलुगू जाणणाऱ्या कर्मचाऱ्यांची गरज निर्माण झाली आणि मद्रास इलाख्यातून अधिकारी व शिक्षक मोठ्या संख्येने आले. स्थानिकांना नोकऱ्यांत प्राधान्य देणारे मुलकी नियम निजामाच्या १९१९ च्या फर्मानापासून अस्तित्वात होते. ते डावलले जात असल्याच्या भावनेतून १९५२ मध्ये विद्यार्थ्यांचे आंदोलन झाले आणि हैदराबादेत गोळीबारात बळी गेले. आलेल्या शिक्षकांनी येथील मुलांच्या बोलीतील उर्दू शब्दांना आणि उच्चारांना अशुद्ध ठरविले. १९२१ मध्ये तेलुगू बोलल्याबद्दल हसू झाले होते. आता तेलुगू ‘नीट’ न बोलल्याबद्दल हसू होऊ लागले. भाषा तीच होती, हसणारे बदलले होते. ‘आंध्र’ या नावाचा आधार सुटून ‘तेलंगणा’ हे नाव राजकीय होऊ लागले ते या अनुभवातून.

राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ मध्ये हा फरक ओळखला होता. तेलंगणाचे हैदराबाद राज्य वेगळे ठेवावे आणि १९६१ च्या सुमारास होणाऱ्या निवडणुकांनंतर तेथील विधिमंडळाने दोनतृतीयांश बहुमताने ठरविल्यास एकीकरण करावे, अशी त्याची शिफारस होती. प्रत्यक्षात २० फेब्रुवारी १९५६ रोजी दोन्ही बाजूंच्या नेत्यांत ‘सभ्य गृहस्थांचा करार’ झाला. तेलंगणाचे शिल्लक उत्पन्न तेथेच खर्चावे, नोकऱ्यांसाठी १२ वर्षांच्या वास्तव्याची अट असावी, स्वतंत्र प्रादेशिक मंडळ असावे, मुख्यमंत्री एका भागाचा असल्यास उपमुख्यमंत्री दुसऱ्या भागाचा असावा, अशी कलमे त्यात होती. पहिल्याच मंत्रिमंडळात उपमुख्यमंत्री नेमला गेला नाही. विधेयकाच्या मसुद्यात नव्या राज्याचे नाव ‘आंध्र-तेलंगणा’ असे होते. संसदेतून बाहेर पडताना ते ‘आंध्र प्रदेश’ झाले. तेलंगणा हे नाव राज्याच्या फलकावरून गेले, ही बाब पुढील पिढ्यांनी कधी विसरली नाही.

१९६९ चे विद्यार्थ्यांचे आंदोलन, १९७१ च्या लोकसभा निवडणुकीत तेलंगणा प्रजा समितीला मिळालेल्या १० जागा, ऑक्टोबर १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलकी नियम वैध ठरविल्यावर किनारी भागात उसळलेले ‘जय आंध्र’ आंदोलन, १९७३ चे षट्सूत्री धोरण व त्यानुसार राज्यघटनेत आलेले ३७१-ड हे कलम, १९८५ चा ६१० क्रमांकाचा शासन निर्णय, ही या संघर्षाची पुढची पायरीवार कहाणी आहे. प्रत्येक टप्प्यावर एक आश्वासन दिले गेले आणि त्याच्या अपुऱ्या अंमलबजावणीतून पुढचा असंतोष जन्मला.

सण, बोली आणि पुतळे : २००१ ते २०१४

२७ एप्रिल २००१ रोजी तेलंगणा राष्ट्र समितीची स्थापना झाली आणि चळवळीचा नवा टप्पा सुरू झाला. या टप्प्याचे वैशिष्ट्य असे की, आकडेवारीच्या जोडीला लोकसंस्कृती हे चळवळीचे मुख्य साधन बनले. प्राध्यापक जयशंकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी निधी व नोकऱ्यांचा हिशोब मांडला, तर २००२ पासून सुरू झालेल्या ‘धूमधाम’ कार्यक्रमांतून गद्दर, गोरेटी वेंकन्ना, रसमयी बालकिशन अशा लोककलावंतांनी तोच हिशोब गावच्या चालीत आणि गावच्या बोलीत लोकांपुढे ठेवला.

बतुकम्मा या सणाचे उदाहरण विशेष बोलके आहे. भाद्रपद अमावास्येपासून दुर्गाष्टमीपर्यंत नऊ दिवस तरवड, कुर्डू, झेंडू अशा रानातल्या व परसातल्या फुलांची उतरंड रचून स्त्रिया तिच्याभोवती फेर धरतात आणि अखेर ती तलावात विसर्जित करतात. आपल्या भोंडल्याशी वा हादग्याशी त्याचे साम्य सहज लक्षात येते. या सणाला पुरोहित लागत नाही, देऊळ लागत नाही. लागतो तो भरलेला तलाव. किनारी आंध्रात हा सण रूढ नाही. म्हणूनच विद्यापीठांच्या आवारात, सरकारी कचेऱ्यांसमोर आणि महामार्गांवर बतुकम्मा मांडली गेली, तेव्हा वेगळेपणाचा तो सर्वांत सोपा आणि नाकारता न येणारा पुरावा ठरला. रस्त्यावर सामुदायिक स्वयंपाक करून वाहतूक रोखण्याचे २०११ मधील आंदोलनही याच जातीचे होते. घरातली रोजची कृती राजकीय झाली आणि त्यामुळे स्त्रिया चळवळीच्या मध्यभागी आल्या.

बोलीच्या प्रश्नाला कालोजी नारायणराव (१९१४–२००२) यांनी आधीच धार दिली होती. पाठ्यपुस्तकांतील तेलुगू ही किनाऱ्यावरील मोजक्या जिल्ह्यांची भाषा असून तिलाच प्रमाण मानून इतरांना हिणविले जाते, अशी त्यांची तक्रार होती. चित्रपटांत तेलंगणाची बोली खलनायकाच्या किंवा विदूषकाच्या तोंडी घातली जाते, ही तक्रारही सार्वत्रिक होती. राज्यनिर्मितीनंतर ९ सप्टेंबर हा कालोजींचा जन्मदिन तेलंगणा भाषा दिन म्हणून पाळला जाऊ लागला.

१० मार्च २०११ च्या मोर्चात हैदराबादच्या हुसेनसागर बांधावरील काही पुतळे पाडण्यात आले. तेलुगू थोर पुरुषांच्या या पुतळ्यांत तेलंगणाच्या व्यक्तींना फारच अल्प स्थान होते, हा त्यामागील रोष होता. रोषाचे कारण समजून घेता येते. कृतीचे समर्थन करता येत नाही. कवी-समाजसुधारकांच्या मूर्ती फोडणे हे सुरवरम प्रताप रेड्डी यांच्या मार्गाच्या नेमके उलट होते. उपेक्षेला संग्रहाने उत्तर देण्याची परंपरा असलेल्या समाजात त्या दिवशी वजाबाकी झाली.

मराठवाड्याच्या संदर्भात

मराठवाडा आणि तेलंगणा एकाच निजामी राजवटीतून आले. त्यांच्यातील सीमाही १९५६ मध्येच आखली गेली. नांदेड जिल्ह्यातील मुधोळ, भैंसा व कुबेर ही मंडळे तेव्हा आंध्र प्रदेशात गेली आणि आदिलाबादमधील किनवट व राजुरा हे तालुके मुंबई राज्यात आले. मराठवाड्याच्या विलीनीकरणापूर्वीही २८ सप्टेंबर १९५३ चा नागपूर करार झाला होता. निधी, शिक्षण व नोकऱ्यांतील न्याय्य वाटा ही त्याची आश्वासने सभ्य गृहस्थांच्या करारासारखीच होती, आणि अनुशेषाची तक्रारही सारखीच राहिली. १९७४ चे मराठवाडा विकास आंदोलन आणि १९८४ चा दांडेकर समितीचा अहवाल यांची साक्ष देतात. मग मराठवाड्यात तेलंगणासारखी चळवळ का उभी राहिली नाही?

राजधानी तेलंगणाच्या पोटात होती आणि मराठवाड्याजवळ तसे शहर नव्हते, हे एक कारण आहेच. परंतु सांस्कृतिक कारण तितकेच महत्त्वाचे वाटते. मराठी वाङ्मयाच्या परंपरेत मराठवाड्याचे ज्येष्ठत्व कोणी नाकारलेले नाही. मुकुंदराजांचे अंबाजोगाई, ज्ञानेश्वरांचे पूर्वज ज्या आपेगावचे ते गाव, नामदेवांचे नरसी, जनाबाईंचे गंगाखेड, एकनाथांचे पैठण, रामदासांचे जांब ही सारी स्थळे मराठीच्या मुख्य प्रवाहात मानाने नांदतात. पुण्याच्या प्रमाण मराठीपुढे मराठवाडी बोलीची थट्टा झाली असेल. पण मराठवाड्यात कवी नव्हते, असे म्हणण्याचे धाडस कोणी केले नाही. तेलंगणाला मात्र आपले कवी मोजून दाखवावे लागले. आर्थिक अनुशेष दोन्हीकडे होता; सन्मानाचा अनुशेष एकीकडे अधिक खोल होता. यापुढे सन्मानाचा हा वाटा अबाधित राहील असे मात्र गृहीत धरता येणार नाही. तो पाठ्यपुस्तकांतून, विद्यापीठांतून आणि साहित्यव्यवहारातून सतत राखावा लागतो.

राज्यानंतरचा वारसा

नव्या राज्याने २०१४ मध्ये आपली प्रतीके काळजीपूर्वक निवडली. बतुकम्मा आणि बोनालू हे राज्याचे सण झाले. तरवडाचे फूल, दसऱ्याला दर्शन घेतला जाणारा नीलकंठ पक्षी आणि शमीचा वृक्ष यांना राज्यमान्यता मिळाली. राजचिन्हात काकतीय तोरण आणि त्याच्या आत चारमिनार अशी रचना करण्यात आली. २०१५ पासून सुमारे ४६ हजार तलावांच्या दुरुस्तीची योजना हाती घेण्यात आली आणि तिला काकतीयांचेच नाव दिले गेले. वारसा केवळ मिरविण्यासाठी नसून पाणी साठविण्यासाठीही असतो, हे त्यातून सूचित झाले.

परंतु वारसा एकदा शासनाच्या हाती आला की, कोणता वारसा ठेवावा आणि कोणता वगळावा हा निर्णयही शासनाचा होतो. डिसेंबर २०२३ मधील सत्तांतरानंतर २०२४ मध्ये ‘तेलंगणा तल्ली’ या मातृप्रतिमेचे नवे रूप स्वीकारण्यात आले. मुकुट गेला आणि कष्टकरी स्त्रीचे रूप आले, याचे अनेकांनी स्वागत केले. हातातील बतुकम्मा गेली, यावर टीकाही झाली. राजचिन्हातून तोरण व चारमिनार वगळण्याचा विचार त्याच वर्षी पुढे आला आणि विरोधानंतर थांबला. २०२५ मध्ये हैदराबादच्या तेलुगू विद्यापीठास सुरवरम प्रताप रेड्डी यांचे नाव देण्यात आले. तो त्यांचा यथोचित गौरव होय. मात्र त्यासाठी पोट्टी श्रीरामुलू यांचे नाव काढावे लागले. संकलकाचे नाव वजाबाकीने लागावे, यातील विसंगती नजरेआड करता येत नाही.

१७ सप्टेंबरच्या दिवसाचेही तेच आहे. महाराष्ट्रात तो मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळला जातो. तेलंगणात मात्र २०२२ मध्ये केंद्र शासनाने तो ‘मुक्तिदिन’ म्हणून, तर राज्य शासनाने ‘राष्ट्रीय एकात्मता दिन’ म्हणून साजरा केला. २०२४ मध्ये त्यास ‘प्रजापालन दिन’ असे नाव मिळाले. नावांच्या या स्पर्धेत रझाकारांचे अत्याचार, शेतकऱ्यांचा लढा आणि पोलीस कारवाईनंतरची हिंसा यांपैकी एखादी बाजू नेहमी झाकली जाते. पंडित सुंदरलाल समितीने त्या हिंसेत २७ ते ४० हजार माणसे मृत्युमुखी पडल्याचा अंदाज केला होता. तिने सर्वाधिक झळ पोहोचलेल्या म्हणून नोंदविलेल्या चार जिल्ह्यांत तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, आणि नांदेड हे दोन जिल्हे होते. त्यामुळे हा प्रश्न केवळ तेलंगणाचा राहत नाही.

आदिवासींच्या बाबतीतही हाच प्रश्न आहे. जल-जंगल-जमिनीसाठी लढून १९४० मध्ये जोडेघाट येथे मारला गेलेला गोंड नेता कोमरम भीम याचे नाव जिल्ह्याला मिळाले. मेडारमची सम्मक्का-सारलम्मा ही कोया आदिवासींची, मूर्ती नसलेली व गुळाच्या नैवेद्याची जत्रा राज्याची जत्रा झाली. परंतु गोंडी आणि कोया या भाषांना शाळेत काय स्थान आहे, हा प्रश्न तेलुगूच्या बाबतीत १९२१ मध्ये विचारला गेला होता तसाच त्यांच्या बाबतीत आज उभा आहे. मोहरमचे पंजे हिंदू घरांतूनही पुजणारी ‘पीरला पंडुगा’ आणि दखनी भाषा यांचाही वारशाच्या अधिकृत यादीत तेवढाच हक्क आहे.

समारोप

तेलंगणाच्या शंभर वर्षांच्या या प्रवासातून काही गोष्टी स्पष्ट होतात. भाषिक ऐक्य हा राज्याचा एक आधार असू शकतो. पण ऐतिहासिक अनुभव भिन्न असल्यास तो एकटा पुरत नाही. लेखी करार मोडले जातात तेव्हा आर्थिक हानी भरून काढता येते. नाव, बोली आणि कवी यांच्या उपेक्षेतून झालेली हानी सहजी भरून निघत नाही. तसेच उपेक्षितांची भूमिका इतिहासात कायमची ठरलेली नसते. १९२१ मध्ये उर्दूने दडपलेल्या मराठीने तेलुगूला हसून घेतले, १९५० च्या दशकात एका तेलुगूने दुसऱ्या तेलुगूला हसून घेतले. उद्या राज्यकर्ती झालेली तेलुगू गोंडीला हसणार नाही, याची खात्री केवळ स्वतंत्र राज्यामुळे मिळत नाही.

अभ्यासकांच्या दृष्टीने सुरवरम प्रताप रेड्डी यांनी १९३४ मध्ये घालून दिलेला वस्तुपाठ आजही उपयुक्त आहे. एखाद्या प्रदेशाला इतिहास नाही, असे म्हटले जाते तेव्हा त्याचे उत्तर घोषणेत नसून संग्रहात असते. शिलालेखांचे ठसे, गावोगावची हस्तलिखिते, स्त्रियांची गाणी आणि तलावांच्या नोंदी गोळा करणे हे काम महाविद्यालयीन विभाग आपल्या परिसरात करू शकतात. नांदेड-निझामाबाद आणि चंद्रपूर-आदिलाबाद या सीमाभागांत मराठी, तेलुगू, दखनी आणि गोंडी एकाच बाजारात बोलल्या जातात. तेथील सामायिक वारशाची नोंद दोन्ही राज्यांतील इतिहास विभागांनी मिळून केली, तर विवेकवर्धिनीच्या सभागृहात अर्धवट राहिलेले ते भाषण, उशिरा का होईना, ऐकून घेतल्यासारखे होईल.